लहान मुलांसह थीम पार्कची सहल : भंडारा जिल्ह्यातील कुटुंबांसाठी नियोजन

थीम पार्कची सहल ठरली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘तिकीट कितीचे?’ मुले लहान असतील तर त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : मुलाची उंची किती? पार्कमधील कोणत्या राइडमध्ये बसता येईल, हे वयापेक्षा उंचीवर ठरते. अनेक ठिकाणी तिकीट पूर्ण की लहान मुलाचे, हेही उंचीवरच ठरते. भंडारा जिल्ह्यातून खोपोलीच्या इमॅजिकाला जायचे तर जाण्या-येण्यात दोन रात्री रेल्वेत जातात. एवढ्या लांब जाऊन मूल रांगेच्या तोंडाशी मोजपट्टीखाली कमी भरले, तर पैसे जातातच, शिवाय मुलाचा हिरमोड होतो. म्हणून कुठे जायचे आणि कधी जायचे, हे मुलाकडे पाहून ठरवावे.

थीम पार्क आणि वॉटर पार्क यांत फरक काय?

साध्या मनोरंजन पार्कमध्ये पाळणे, झुले, रोलर कोस्टर असतात. थीम पार्कमध्ये प्रत्येक विभागाला एक कथा किंवा कल्पना असते आणि राइड, सजावट, संगीत, खाद्यपदार्थ हे सारे त्या कथेला धरून असते. अमेरिकेत १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेल्या डिस्नेलँडने ही कल्पना जगभर नेली. आई-वडिलांनी बाकावर बसून राहायचे आणि मुलांनी खेळायचे, असे न होता सर्वांना एकत्र मजा करता यावी, हा त्यामागचा विचार होता. वॉटर पार्कमध्ये घसरगुंड्या, लाटांचा तलाव, लहान मुलांसाठी उथळ पाणी असते.

महाराष्ट्रात गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि शेजारचे वॉटर किंग्डम १९९८ मध्ये. यांपैकी एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये पर्यटकांसाठी बंद झाले; जुनी माहिती वाचून बेत आखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावरील इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. तेथे थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क असे तीन भाग असून त्यांची तिकिटे वेगवेगळी असतात.

उंचीची अट कशासाठी?

राइडमध्ये माणसाला जागेवर धरून ठेवणारा दांडा किंवा पट्टा ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी बनवलेला असतो. दांडा मांडीवर व कमरेवर घट्ट बसला पाहिजे, पाठ आसनाला टेकली पाहिजे आणि झटका बसला तर मान सावरता आली पाहिजे. शरीर लहान असेल तर दांडा लागूनही खाली पोकळी राहते आणि मूल सरकू शकते. त्यामुळे ‘आमचा मुलगा अजिबात घाबरत नाही’ हे सांगून उपयोग नसतो. कर्मचाऱ्याशी वाद घालू नये, आणि जाड तळाचे बूट घालून उंची वाढवण्याचा खटाटोप तर मुळीच करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार मुलांची मध्यम उंची साधारण अशी असते :

- ३ वर्षे : ९६ सेंमी
- ५ वर्षे : ११० सेंमी
- ७ वर्षे : १२१ सेंमी
- १० वर्षे : १३८ सेंमी

अनेक निरोगी मुले यापेक्षा थोडी बुटकी असतात. मोठ्या रोलर कोस्टरसाठी सहसा १२० ते १४० सेंमी उंची लागते. म्हणजे चौथी-पाचवीतले मूलही सर्वांत मोठ्या राइडच्या बाहेर राहू शकते. घरी मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे करावे, डोक्यावर पुस्तक आडवे धरून खूण करावी आणि टेपने मोजावे. मग पार्कच्या संकेतस्थळावरील राइडची यादी घेऊन त्याला चालतील त्यांवर खुणा कराव्यात. निम्म्याहून कमी राइडवर खूण झाली, तर लांबचा प्रवास एक-दोन वर्षे पुढे ढकलणे शहाणपणाचे.

कोणत्या वयाला कोणते ठिकाण?

*चार वर्षांखालील मुले.* यांच्यासाठी नागपूरची एक दिवसाची सहल पुरेशी आहे. भंडारा शहरापासून नागपूर साधारण ६० किलोमीटर. १९९२ मध्ये सुरू झालेले रमण विज्ञान केंद्र, महाराजबाग किंवा २०२१ मध्ये खुले झालेले गोरेवाडा प्राणिसंग्रहालय, यांपैकी एकच ठिकाण निवडावे. या वयाच्या मुलाला बसमधून दिसलेले अस्वल रोलर कोस्टरपेक्षा मोठे वाटते, आणि झोपेच्या वेळेपर्यंत घर गाठता येते. निघण्यापूर्वी साप्ताहिक सुट्टीचा वार विचारून घ्यावा.

*चार ते सहा वर्षे.* आता पाण्यात खेळण्याची हौस असते. अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळचे फन अँड फूड व्हिलेज किंवा सावनेर रस्त्यावरचे द्वारका, अशी नागपूरच्या आसपासची ठिकाणे सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगी आहेत. मुलाला पाणी, गर्दी, मोठा आवाज कितपत झेपतो, याची चाचणीही इथेच होते.

*सात वर्षे आणि पुढे.* आता मोठ्या पार्कचा विचार करावा. इथे बहुतेकांच्या मनात एकदम इमॅजिका येते, पण नकाशा पाहिला तर पूर्व विदर्भाला हैदराबाद अधिक जवळ आहे. नागपूर ते हैदराबाद रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर, तर खोपोली त्याहून बरेच लांब. हैदराबादजवळ रामोजी फिल्म सिटी आणि २०१६ मध्ये सुरू झालेले वंडरला ही दोन मोठी ठिकाणे आहेत. रामोजीत चित्रपटांचे देखावे आणि कार्यक्रम जास्त, चालणे भरपूर. वंडरलात राइड आणि पाण्याचे खेळ जास्त. इमॅजिकाची जमेची बाजू अशी, की तेथे मराठी-हिंदीत सारे समजते आणि मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांकडे जाणेही त्याच फेरीत होते.

प्रवास : एका दिवसासाठी पाच तारखा

भंडारा रोड स्थानक वरठीला आहे आणि तुमसर रोड देव्हाडीला. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस दोन्हीकडे थांबते, दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणला पोहोचवते. कल्याणहून कर्जतमार्गे खोपोलीला लोकल जाते; खोपोलीच्या लोकल कमी असल्याने वेळापत्रक आधी पाहावे. परतीची विदर्भ एक्सप्रेस मुंबईहून संध्याकाळी सुटते. त्यामुळे हिशेब असा बसतो : पहिल्या दिवशी दुपारी निघणे, दुसऱ्या दिवशी पोहोचून विश्रांती, तिसऱ्या दिवशी पार्क, चौथ्या दिवशी सकाळ मोकळी आणि संध्याकाळी गाडी, पाचव्या दिवशी घर. रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी पार्कमध्ये शिरण्याचा मोह टाळावा. दुपारी दोनच्या सुमारास मूल रडवेले होते आणि मग महागडे तिकीट हातात घेऊन सावली शोधत बसावे लागते.

पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण वेगळी बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांखालील मुलाला अर्ध्या भाड्यातही बर्थ मिळत नाही. बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते. रात्रीच्या प्रवासात ती घेतलेली बरी. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. सुट्ट्यांतील बर्थ लवकर संपतात, म्हणून आधी रेल्वेचे आरक्षण पक्के करावे आणि मगच पार्कचे तिकीट काढावे.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे. त्यावर एका दमात गाडी हाकू नये. मध्ये एक मुक्काम ठेवावा. नागपूरपर्यंत एसटीने जाणार असाल तर पाच ते बारा वर्षांच्या मुलांना आणि महिलांना अर्धे तिकीट, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे.

कधी जावे?

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनअखेरच्या सुमारास उघडतात. मुंबई-पुण्याच्या शाळा सुरू झाल्यानंतरही आपल्या मुलांना सुट्टी असते, आणि त्या दिवसांत पार्कमधील गर्दी ओसरलेली असते. पण तोवर सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस लागलेला असतो. जोराच्या पावसात किंवा विजा चमकत असताना उघड्यावरील राइड थांबवतात. तेव्हा गर्दी कमी हवी की राइड जास्त, हे आधी ठरवावे.

दिवाळीच्या सुट्टीत पार्क भरलेले असतात आणि आपल्याकडे धानाच्या कापणीची घाई असते. शेतीवाल्या घरांना कापणी-मळणी उरकल्यावरचे, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले किंवा जानेवारी-फेब्रुवारीतले दिवस सोयीचे. नाताळचा आठवडा मात्र टाळावा. शक्यतो मंगळवार ते गुरुवारमधला दिवस निवडावा. रांग लहान असेल तर त्याच तिकिटात जास्त राइड होतात.

पार्कमधला दिवस

दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचावे. पहिल्या दोन तासांत रांगा लहान असतात. मुलाला सर्वांत हव्या असलेल्या दोन-तीन राइड तेव्हाच उरकाव्यात. दुपारी थंड सभागृहातील कार्यक्रम पाहावेत किंवा सावलीत जेवून मुलाला अर्धा-पाऊण तास पडू द्यावे. संध्याकाळी पुन्हा बाहेर पडावे.

सगळ्या राइड झाल्याच पाहिजेत, असा हट्ट धरू नये. अंधार आणि मोठे आवाज असलेल्या राइडआधी मुलाला त्यात काय असते ते सांगावे. इमॅजिकातील ‘सलीमगढ’ ही भुताटकीची सैर आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला खोटे भूत आणि खरे भूत यांतला फरक कळत नाही. मूल ‘नको’ म्हणाले तर ते तिथेच थांबवावे. मोठ्यांना मोठी राइड करायची असेल तर आईने आधी आणि वडिलांनी नंतर जावे, तोवर दुसऱ्याने मुलांजवळ थांबावे. आजी-आजोबा सोबत असतील तर ही जबाबदारी दिवसभर त्यांच्यावरच टाकू नये. हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर राइडसमोरचा सूचनाफलक वाचूनच पुढे जावे.

पाणी आणि गर्दीतील सुरक्षितता

लाटांचा तलाव असो वा गुडघाभर पाणी, मोठे माणूस मुलापासून हाताच्या अंतरावर असावे. लहान मूल बुडताना ओरडत नाही. ते शांतपणे खाली जाते. जीवरक्षक असला तरी तो अनेकांकडे पाहत असतो. ‘सगळे पाहत आहेत’ म्हणजे अनेकदा कोणीच पाहत नसते. म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने एकाच माणसाकडे नाव घेऊन जबाबदारी द्यावी.

सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत मुलाचा फोटो काढून ठेवावा. मनगटावर पेनाने पालकांचा मोबाइल क्रमांक लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. हरवल्यास गणवेशातील कर्मचाऱ्याकडे जायचे आणि प्रवेशद्वाराबाहेर कोणाबरोबरही जायचे नाही, हे मुलाकडून वदवून घ्यावे. मूल दिसेनासे झाले तर आधी जवळच्या पाण्याकडे धावावे आणि त्याच वेळी कर्मचाऱ्याला सांगावे. गरज पडल्यास ११२ आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ उपलब्ध आहे.

खर्चाचा अंदाज

प्रवेशतिकीट हा खर्चाचा एक भाग झाला. वहीत पुढील रकाने पाडावेत : रेल्वे, स्थानकापासून पार्कपर्यंतचे वाहन, दोन रात्रींचा मुक्काम, आतले जेवण, लॉकर, पाण्यातील पोशाख आणि किरकोळ खरेदी. बहुतेक पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत. बाळाच्या आहाराला आणि औषधांना सवलत आहे का, ते आधी विचारावे. वॉटर पार्कमध्ये सुती कपडे सहसा चालत नाहीत आणि तिथला पोशाख भाड्याने घ्यावा लागतो. घरून नायलॉनचा नेला तर हा खर्च वाचतो. खेळण्यांसाठी मुलाला घरूनच ठरावीक रक्कम सांगावी, म्हणजे दुकानासमोर रडारड होत नाही.

आरक्षण करण्यापूर्वी पार्कला फोन करून चार गोष्टी विचाराव्यात : त्या तारखेला पार्क सुरू आहे का, कोणत्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत, मुलाच्या उंचीला कोणते तिकीट लागेल, आणि मूल आजारी पडल्यास तारीख बदलून मिळते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तिकीट शक्य तितके उशिरा काढावे.