पावसात बंद पडणारी फियाट: डिस्ट्रिब्युटर आणि पाणी यांच्या वैराचा इतिहास

१९७० ते १९९५ या काळातील मुंबईच्या पावसाळ्याची छायाचित्रे नीट पाहिलीत, तर त्यांत एक दृश्य वारंवार आढळेल. रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे. बेस्टची बस त्यातून संथपणे चालली आहे, मागून एक मालट्रकही येतो आहे आणि कडेला काळी-पिवळी फियाट टॅक्सी बॉनेट उघडून निमूट उभी आहे. पाणी तिघांसाठी सारखेच आहे, मग थांबली ती एकटी टॅक्सीच का?

नेहमीचे उत्तर असते, ‘गाडी लहान, म्हणून बुडाली.’ ते अर्धेच खरे आहे. अनेकदा इंजिनाच्या आत पाण्याचा थेंबही गेलेला नसे. मुठीएवढ्या एका टोपीवर ओलावा साचलेला असे, आणि एवढ्यावरच साडेआठ-नऊशे किलोंची गाडी निकामी होई. त्या टोपीचे नाव डिस्ट्रिब्युटर कॅप. आजचा धागा तिच्याविषयी.

आधी तिचे काम समजून घेऊ. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटवावे लागते. बॅटरी देते १२ व्होल्ट. तेवढ्याने प्लगच्या फटीत ठिणगी उडत नाही. म्हणून कॉइल हा दाब पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत चढवते. ही वीज चार सिलिंडरांना आळीपाळीने, अचूक क्षणी वाटून देणारा कारकून म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याच्या आत एक रोटर फिरतो आणि कॅपमधील चार टोकांसमोरून जाताना प्रत्येकाला त्याचा वाटा देतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे वाटप सेकंदाला शंभर वेळा होते.

ही व्यवस्था प्रचारात आणली अमेरिकेतील डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांच्या ‘डेल्को’ कंपनीची प्रज्वलनपद्धती १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली आणि पुढे जवळपास सारे शतक तिचेच मूळ तत्त्व चालत राहिले. कॅपसाठी सोयीचा पदार्थही त्याच सुमारास हाती आला होता. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट कठीण असते, उष्णता सोसते आणि वीज अडवते. पण कोरडे असेपर्यंतच.

वीस हजार व्होल्ट हा उतावळा पाहुणा आहे. प्लगपर्यंतची वाट कठीण असते, कारण तेथे दाबाखालील वायूतून उडी मारावी लागते. कॅपवर ओलसर, मळकट थर जमला की विजेला सोपी पळवाट मिळते आणि ती पृष्ठभागावरून सरपटत इंजिनाच्या धातूत उतरते. मग प्लगवर ठिणगी पडत नाही. याहून वाईट गोष्ट पुढे घडते. ही सरपटणारी वीज आपल्या मार्गावर कोळशाची केसाएवढी बारीक रेघ जाळून ठेवते. कोळसा वीजवाहक असल्याने कॅप नंतर कोरडी केली तरी ती रेघ कायमची चोरवाट बनून राहते. कसबी मिस्त्री कॅप उजेडाकडे धरून आधी ही रेघ शोधत असे.

आता छायाचित्रातील बस आणि ट्रक पाहा. दोन्ही डिझेलवर चालणारे. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. तेथे ठिणगी नाही, म्हणून डिस्ट्रिब्युटरही नाही. हवा ओढणाऱ्या नळीत पाणी शिरत नाही तोवर असे इंजिन ओलाव्याची पर्वा करत नाही.

फियाटची गोष्ट इटलीतील तुरिनमध्ये सुरू होते. फियाट ११०० ची नवी पिढी १९५३ मध्ये तेथे अवतरली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतली. पुढे परवान्याची मुदत सरली, इटालियन नाव गेले आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. लोकांच्या तोंडी मात्र ती अखेरपर्यंत फियाटच राहिली. योगायोग असा की पावसात ज्या मिठी नदीकडे साऱ्या मुंबईचे लक्ष असते, ती याच कुर्ल्याच्या अंगाने वाहते. तुरिनच्या हवामानासाठी आखलेले इंजिन अशा रीतीने पुराच्या उंबरठ्यावर घडवले जात होते.

पण पाणी केवळ आकाशातून किंवा रस्त्यावरून येत नाही. गाडी स्वतःचे पाणी स्वतःबरोबर वाहते, आणि इतिहासलेखक ज्याच्याकडे कधी पाहत नाहीत असा आमच्या विषयाचा दुसरा खलनायक येथे प्रवेश करतो: वॉटर पंप.

रेडिएटरमधील पाणी इंजिनाभोवती खेळवणारा हा पंप पट्ट्यावर फिरतो. जुन्या गाड्यांत पंखाही त्याच्याच दांड्यावर बसवलेला असे. दांडा फिरता ठेवायचा आणि पाणी आत अडवायचे, हे काम एका सीलवर सोपवलेले असते. सील झिजणार हे अभियंत्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. म्हणून पंपाच्या पोटाशी त्यांनी मुद्दाम एक छिद्र ठेवले. गळलेले पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तेथून बाहेर टपकावे, आणि मालकाला सूचना मिळावी, असा त्यामागचा विचार. पण ते छिद्र म्हणजेच गळती समजून काही जण बुजवत. मग पाणी बेअरिंगमध्ये जाई आणि थोड्याच दिवसांत पंप खरखरू लागे. टपकणारे पाणी पंख्याच्या झोतात सापडले की ते तुषार होऊन मागे, प्लगच्या वायरींवर आणि डिस्ट्रिब्युटरवर उडे. भर उन्हाळ्यात, कोरड्या रस्त्यावर गाडी ‘मिसिंग’ मारू लागे, आणि मालक बिचारा कार्बोरेटर साफ करत बसे.

आपल्या हवामानाचा यात वाटा आहे. थंड देशांत रेडिएटरमधील पाणी गोठू नये म्हणून त्यात ग्लायकॉल घालतात, आणि त्याबरोबर गंज रोखणारी द्रव्येही येतात. मुंबईत पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून वर्षानुवर्षे नळाचे साधे पाणी भरले गेले. पंपाच्या आत गंज धरे, त्याचे कण सील घासत आणि गळती लवकर सुरू होई. हे गंजमिश्रित पाणी वाळले की कॅपवर क्षारांचा थर उरे. तो पुढच्या दमट दिवसाची वाट पाहत बसे.

पाणी आणि ठिणगी यांना एकमेकांपासून दूर ठेवण्याची गरज सर्वांत आधी सैन्याला तीव्रतेने जाणवली. दुसऱ्या महायुद्धात जहाजावरून समुद्रात उतरून किनारा गाठणाऱ्या जीप आणि रणगाडे यांची प्रज्वलनव्यवस्था ग्रीज, चुना आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू यांच्या लगद्याने लिंपली जाई. १९५० च्या सुमारास आलेल्या ‘एम-३८’ या अमेरिकी लष्करी जीपमध्ये तर डिस्ट्रिब्युटर आणि कॉइल एकाच बंद डब्यात ठेवून, वायरींवरही कवच चढवण्यात आले. महिंद्रांनी मुंबईत बांधलेल्या विलीज जीप याच घराण्यातल्या. पण नागरी जीपला हा महागडा डबा मिळाला नाही. ज्ञान होते, ते विकत घेण्याची ऐपत बाजारात नव्हती.

नागरी गाड्यांच्या आखणीत तर पाऊस चक्क विसरला जाई. १९५९ ची ब्रिटिश मिनी हे त्याचे गाजलेले उदाहरण. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून जागा वाचवली, त्यासाठी त्यांचा गौरव योग्यच आहे. पण त्या मांडणीत डिस्ट्रिब्युटर नेमका पुढच्या जाळीमागे आला आणि पाऊस थेट त्याच्यावर. पावसाळी देशात हे व्हावे! पुढे कंपनीने आडोसा बसवला, तोवर मालकांनी रबरी हातमोजा शोधला होता. मोज्याची बोटे छाटायची, त्यांतून वायरी ओवायच्या आणि मोजा कॅपवर ओढायचा. पाच बोटे, पाच वायरी: चार प्लगच्या आणि एक कॉइलची. माझ्या मते मोटारींच्या इतिहासातील ही सर्वांत सुंदर दुरुस्ती आहे.

मुंबई-नवी मुंबईच्या गॅरेजांतील उपायही याच जातीचे. प्लास्टिकची पिशवी किंवा जुन्या ट्यूबचा तुकडा कॅपवर बांधणे, कॅपच्या कडेला ग्रीज लावणे, खोल पाण्यात शिरण्यापूर्वी फॅन बेल्ट उतरवून ठेवणे. बेल्ट नसला की पंखा पाणी उडवत नाही; पण पंपही थांबतो, म्हणून पाणी ओलांडताच तो पुन्हा चढवायचा. पिशवी मात्र फार घट्ट बांधली तर आतली वाफ आतच साचते आणि उपायच अपाय होतो.

नवी मुंबईसाठी हा विषय किरकोळ नव्हता. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. शहराचा पुष्कळ भाग खाडीकाठच्या सखल, भरतीच्या पातळीखालील जमिनीवर उभा राहिला. म्हणूनच सिडकोने धारण तलाव खोदले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी त्यांत साठते आणि ओहोटीला दरवाजांतून खाडीत जाते. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये खुला झाला, पण लोकल रेल्वे वाशीला पोहोचली ती १९९२ मध्ये. मधली एकोणीस वर्षे मुंबईशी असलेला जिवंत संबंध रस्त्यानेच टिकला. पुलावर एक टॅक्सी अडली तरी मागे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारांच्या बसगाड्यांची रांग लागू शके. शहराच्या इतिहासात आराखडे आणि उद्घाटने नोंदली जातात. त्या रांगेला कारण ठरणारी ओली कॅप कोणत्याही दप्तरात सापडत नाही. मला ही उणीव मोठी वाटते.

आणि ही केवळ गरीब देशाची किंवा जुन्या काळाची कथा समजू नका. १९९२ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने आपल्या कॉर्व्हेट या मिरवण्याच्या गाडीत ‘एलटी-१’ नावाचे नवे व्ही-८ इंजिन आणले. त्यात ‘ऑप्टिस्पार्क’ नावाचा अत्यंत अचूक डिस्ट्रिब्युटर होता. ३६० बारीक खाचांची चकती आणि प्रकाशकिरण यांच्या साहाय्याने तो इंजिनाची स्थिती अंशागणिक मोजत असे. आणि हे नाजूक यंत्र बसवले कोठे? इंजिनाच्या तोंडाशी, बरोबर वॉटर पंपाखाली! सील झिजले की पाणी थेट त्यावर टपके. नंतरच्या आवृत्तीत आतला दमटपणा हवेने खेचून काढण्याची सोय केली गेली, तरी जागा तीच राहिली. पंप बदलताना डिस्ट्रिब्युटरही बदलावा, असा सल्ला जाणकार देऊ लागले. १९९७ च्या कॉर्व्हेटमधील नव्या इंजिनाने डिस्ट्रिब्युटरच काढून टाकला आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल दिली.

आपल्याकडेही २००० नंतर प्रदूषणाचे निकष कडक होत गेले, कार्बोरेटर गेला आणि त्याच्या मागोमाग डिस्ट्रिब्युटर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा नव्या गाड्याही बंद पडल्या. पण त्यांची कारणे निराळी होती. कोठे हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले आणि न दाबल्या जाणाऱ्या त्या पाण्याने कनेक्टिंग रॉड वाकवले, कोठे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक भिजला. पिशवी बांधून किंवा फडक्याने पुसून सुटेल असे दुखणे ते नव्हते.

पद्मिनी टॅक्सी त्यानंतरही धावत राहिल्या, सीएनजीवर. या वायूला पेट घ्यायला पेट्रोलहून जोरकस ठिणगी लागते, म्हणून जुन्या कॅपची परीक्षा उतारवयात आणखी कठीण झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर कॅप उजेडाकडे धरून काळी रेघ शोधणाऱ्या मिस्त्रीचे रोजचे गिऱ्हाईकही.