नळाचे पुश-फिट जोड आणि पाण्यातील शिसे

पुश-फिट जोड पाइपवर दाबून बसवतात. साध्या पितळी जोडात थोडे शिसे असू शकते. रात्रभर साचलेल्या पाण्यात ते उतरते. लहान मुलांच्या आणि गर्भाच्या मेंदूला त्याचा धोका अधिक असतो. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात शिसे लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

काय काळजी घ्याल?

• पिण्याच्या पाण्यासाठी प्रमाणित, शिसेविरहित पितळी किंवा प्लास्टिकचे जोड निवडा.
• गरम पाण्याच्या लाइनला त्या तापमानाला चालणारेच जोड लावा.
• सकाळी साचलेले पाणी आधी सोडून द्या.
• स्वयंपाकाला थंड पाण्याचा नळ वापरा. पाणी उकळून शिसे जात नाही.

शंका असल्यास पाणी तपासून घ्या; घरात लहान मूल किंवा गर्भवती असल्यास रक्तातील शिशाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.