तारण आणि खात्री

'तारण' हा शब्द तुम्ही-आम्ही सावकारी व्यवहारात ऐकतो. दागिना तारण ठेवायचा आणि कर्ज काढायचे. मराठी ख्रिस्ती मंडळींत मात्र तारण म्हणजे पापातून सुटका. हा योगायोग असेल. पण पाप म्हणजे देवाचे न फिटणारे देणे आणि ते ख्रिस्ताने फेडले, हा विचार आर्चबिशप अन्सेल्म यांनी १०९८ मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात मांडला होता. पुढे सोळाव्या शतकात कॅल्व्हिनसारख्या सुधारकांनी शिक्षेवर भर दिला : अपराध आपला, शिक्षा भोगली निरपराध ख्रिस्ताने.

ठीक आहे. पण माझ्या वाटचे देणे फिटले, हे मला कळावे कसे?

जॉन वेस्ली हे ऑक्सफर्डचे विद्वान आणि इंग्लंडच्या चर्चचे दीक्षित धर्मोपदेशक. उपास, प्रार्थना, कैद्यांच्या भेटी, कशात म्हणून कसूर नाही. १७३५ मध्ये ते अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीस निघाले. जानेवारी १७३६ मध्ये भर समुद्रात वादळ झाले. शीड फाटले, पाणी आत शिरले, एकच आकांत उडाला. जहाजावरची जर्मन मोरेव्हियन मंडळी मात्र शांतपणे स्तोत्र गात राहिली. आणि वेस्ली? ते मरणाला भ्याले होते.

किनाऱ्यावर मोरेव्हियन पुढारी श्पांगेनबर्ग यांनी त्यांना ख्रिस्ताविषयी विचारले. तो जगाचा तारणारा आहे, असे वेस्ली म्हणाले. खरे, पण त्याने तुम्हांला तारले आहे का? वेस्लींनी कसाबसा होकार दिला. पण आपले शब्द पोकळच होते, अशी शंका त्यांनी रोजनिशीत नोंदवली.

दोन वर्षांनी, २४ मे १७३८ रोजी, लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत कोणी रोमकरांस पत्राला लूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होते. रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. त्या घटकेला वेस्लींना वाटले, ख्रिस्ताने माझीच, होय, माझीसुद्धा पापे हरली. 'जगाचा' या शब्दाच्या जागी 'माझा' आला, एवढाच काय तो फरक. पण पुढे मेथडिस्ट चळवळीला बळ मिळाले ते त्यातूनच.

वाद मिटले मात्र नाहीत. एकदा तरलेला पुन्हा बुडत नाही, असे त्यांचे मित्र व्हिटफील्ड मानीत. वेस्ली म्हणत, क्षमेची खात्री आजची. उद्या माणूस ती गमावूही शकतो. आणि ज्याला खात्री नाही तो देवाच्या कोपाखाली, असे तरुणपणी आपण सांगत होतो, याचे त्यांना म्हातारपणी आश्चर्य वाटे. वादळात भ्यालेल्या माणसाला धीर द्यावा; तो भ्याला म्हणून त्याला परका ठरवू नये, हे त्यांना पन्नास वर्षांनी उमगले.