महाराष्ट्र क्रिकेट संघ : १९४८-४९चा रणजी हंगाम

प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्राची मजल या हंगामात उपांत्य फेरीपर्यंतच गेली. तरी एका अपुऱ्या खेळीमुळे आणि एका लांबलेल्या पराभवामुळे हा हंगाम विजेतेपदाच्या हंगामांहून अधिक आठवला जातो.

डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. कमल भांडारकर (२०५) आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. त्या वेळी हा जागतिक विक्रम होता. निंबाळकर ४९४ मिनिटांत ४९ चौकार आणि एका षटकारासह नाबाद ४४३वर पोहोचले. डॉन ब्रॅडमनचा १९३०चा नाबाद ४५२ धावांचा विक्रम मोडायला दहाच धावा हव्या होत्या. पण मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करा नाहीतर आम्ही निघालो, असा पवित्रा घेतला. आणखी दोन षटके टाका, ही महाराष्ट्राची विनंतीही त्यांनी मानली नाही, असे सांगतात. सामना सोडून दिला गेला. प्रथम श्रेणीत कोणाही भारतीयाला अजून ४४३ ओलांडता आलेले नाहीत. निंबाळकरांना मात्र एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. निवड समितीच्या या उपेक्षेपुढे ठाकोरसाहेबांचा हट्ट किरकोळच म्हणावा लागेल.

मार्च १९४९मध्ये उपांत्य सामन्यासाठी मुंबई पुण्यात आली. निकाल लागेपर्यंत खेळायचे असल्यामुळे हा सामना सात दिवस चालला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ (घोषित) धावा केल्या, महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४. चौथ्या डावात सहाशेच्या वर जाऊनही ३५४ धावांनी हार! माधव मंत्रींचे द्विशतक, उदय मर्चंट आणि दत्तू फडकर यांची दोन्ही डावांत शतके, महाराष्ट्राकडून म. र. रेगे यांचीही दोन, शिवाय दातार आणि शरद देवधर यांचे एकेक, अशी नऊ शतके या सामन्यात झाली. एकूण २,३७६ धावांचा विक्रम प्रथम श्रेणीत आजही अबाधित आहे. पुण्याची पाटा खेळपट्टी लक्षात घेतली, तर ४४३चे मोलही थोडे बेतानेच करायला हवे; गोलंदाजांचे हाल या आकड्यांत फारसे दिसत नाहीत.

पुढे मुंबईने अंतिम सामन्यात बडोद्याला हरवले.

नाव महाराष्ट्राचे असले, तरी नागपूरचा या संघाशी संबंध नव्हता. नागपूरच्या धंतोली भागातला एखादा खेळाडू त्या काळी रणजी खेळलाच, तर मध्यप्रांत-वऱ्हाडकडून. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८मध्ये स्पर्धेत उतरला; भाषावार पुनर्रचनेनंतर हा भाग मुंबई राज्यात आला, तरी क्रिकेटच्या नकाशात तो मध्य विभागातच राहिला.