पेशी-उपचाराची ताकद कशी मोजतात?

गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे, हे मोजता येते. जिवंत पेशींची नुसती संख्या मोजून भागत नाही. त्या काम करतात का, ते पाहावे लागते.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने विकसित केलेल्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशींना सीडी१९ हे प्रथिन ओळखणारा रिसेप्टर जोडतात. काही रक्ताच्या कर्करोगांत हे प्रथिन कर्करोगाच्या पेशींवर असते. अशा उपचाराची ताकद तपासताना बदललेल्या टी-पेशी सीडी१९ असलेल्या पेशींसोबत ठेवतात. किती पेशी मेल्या, इंटरफेरॉन-गॅमा किती स्रवले, हे मोजतात. तुलनेला सीडी१९ नसलेल्या पेशीही हव्यात, नाहीतर मारा भलतीकडेच होतोय का ते कळणार नाही.

खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक रुग्णाची बॅच वेगळी, त्यात केमोथेरपीने टी-पेशी आधीच थकलेल्या असू शकतात. आणि प्रयोगशाळेत जोरदार ठरलेल्या पेशी शरीरात टिकतीलच असे नाही. ते नंतर रक्त तपासूनच समजते.

देवळ्यातही गुडघ्यासाठी 'स्टेम सेल' इंजेक्शन घेऊ का, असे विचारणारे येतात. कोटींच्या आकड्याला भुलू नका. ताकदीची कोणती चाचणी केली, आणि तुमच्या आजारासाठी उपचाराला मान्यता आहे की तो अजून प्रयोगातच आहे, हे लेखी मागा.