जावा प्रोग्रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख

प्रोग्रॅम एकदाच लिहावा आणि तो कोणत्याही संगणकावर चालावा, या आश्वासनासह सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा ही भाषा जाहीर केली. जावाचा प्रोग्रॅम थेट यंत्रावर न चालता ‘जावा व्हर्च्युअल मशीन’ या मधल्या थरावर चालतो. त्यामुळे तोच प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स व मॅकवर वापरता येतो. मात्र फायली, लिपी किंवा बाहेरचे प्रोग्रॅम यांच्याशी संबंध आला, की ऑपरेटिंग सिस्टीममधील फरक डोके वर काढतात.

ओळख कशी पटवतात?

‘सिस्टीम.गेटप्रॉपर्टी’ला ‘ओएस.नेम’ हे नाव दिले, की ‘लिनक्स’, ‘मॅक ओएस एक्स’ किंवा ‘विंडोज १०’ असे उत्तर मिळते. ‘ओएस.आर्च’वरून प्रोसेसरचा प्रकार समजतो.

या उत्तरावर विसंबताना सावधगिरी हवी. नावात कोठेही ‘विन’ आढळले की विंडोज समजणारी तपासणी ‘डार्विन’ या मॅकच्या गाभ्याच्या नावालाही फसते. ‘विंडोज ९’ने सुरू होणारे नाव म्हणजे ९५ किंवा ९८, असे गृहीत धरणारे प्रोग्रॅमही लिहिले गेले. विंडोज ११ आली २०२१ मध्ये. पण तिच्यावर जावाच्या जुन्या आवृत्त्या ‘विंडोज १०’ असेच सांगतात. तुर्की भाषा निवडलेल्या संगणकावर नावाची अक्षरे कॅपिटल केली, तर ‘आय’वर टिंब राहते आणि तुलना चुकते. त्यासाठी ‘लोकेल.रूट’ वापरणे इष्ट.

नाव न विचारता

बहुतेक वेळा नावाची गरजच नसते. फाइलच्या मार्गात विंडोज उलटी तिरपी रेघ वापरते, तर लिनक्स व मॅक सरळ तिरपी. २०११ मधील जावा ७ पासून ‘पाथ्स.गेट’ हा मार्ग योग्य प्रकारे जोडून देते. ओळीच्या शेवटाच्या खुणेसाठी ‘सिस्टीम.लाइनसेपरेटर’, तर वापरकर्त्याच्या फोल्डरसाठी ‘यूजर.होम’ आहे. ब्राउझर उघडायचा असल्यास ‘डेस्कटॉप’ या क्लासला ती सोय उपलब्ध आहे का, एवढेच विचारावे. फायलींच्या नावांत लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद लिनक्स पाळते, विंडोज सहसा पाळत नाही. म्हणून नावे सर्वत्र एकसारखीच लिहावीत.

मराठी मजकुराचा प्रश्न

सर्वांत मोठे नुकसान लिपीच्या बाबतीत संभवते. जुन्या आवृत्त्यांत फाइल लिहिताना एन्कोडिंग सांगितले नाही, तर जावा त्या संगणकाचे प्रचलित एन्कोडिंग वापरत असे. लिनक्सवर ते बहुधा यूटीएफ-८ असल्याने देवनागरी सुरक्षित राहते. विंडोजवर ते अनेकदा पाश्चात्त्य लिपीपुरते असते. मग प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते आणि त्या फाइलमधून मूळ मजकूर परत मिळत नाही. मार्च २०२२ मधील जावा १८ पासून यूटीएफ-८ सर्वत्र आपोआप लागू झाले. त्यापूर्वीच्या आवृत्तीवर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मात्र प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी यूटीएफ-८ स्पष्ट नमूद करणे आवश्यक आहे.