सार्वजनिक जागेत धूम्रपान : नियम, रीत आणि आपली जबाबदारी

विडी-सिगारेट ओढावी की सोडावी, हा या लेखाचा विषय नाही. तिचे दुष्परिणाम प्रत्येक पाकिटावर चित्रासह छापलेले असतात आणि ओढणाऱ्यांनाही ते ठाऊक असतात. आपल्या सभासदांत काहीजण आजही ओढतात, काहींनी सोडली आहे, बरेचजण कधीच त्या वाटेला गेले नाहीत. हे सगळे एकाच सभागृहात, एकाच पंगतीत, एकाच बसमध्ये भेटतात. अशा सामायिक जागेत ओढणाऱ्याने कसे वागावे आणि इतरांनी त्याला कसे सांगावे, याची माहिती एके ठिकाणी असावी म्हणून हे टिपण करीत आहोत.

आपला भाग तंबाखूला परका नाही. निपाणीचा तंबाखू आणि तिथला विडीधंदा यांवर आपल्या जिल्ह्यातील हजारो घरांच्या चुली पेटल्या. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी केलेले निपाणीचे आंदोलन अनेकांना आठवत असेल. त्यामुळे ओढणाऱ्या माणसाला गुन्हेगार समजून बोलणे आपल्याला शोभणारे नाही. प्रश्न माणसाचा नसून धुराचा आहे.

धूर कुठून येतो, कुठे जातो

सिगारेटचा धूर दोन प्रकारे बाहेर पडतो. एक ओढणाऱ्याच्या नाकातोंडातून, दुसरा जळत्या टोकातून. शेजारच्याच्या वाट्याला जास्त येतो तो दुसरा, आणि तो फिल्टरमधून गेलेला नसतो. दुसऱ्याच्या धुरामुळे दरवर्षी जगात दहा लाखांहून अधिक लोक दगावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुले, गरोदर स्त्रिया, दम्याचे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

‘पंखा लावला आहे’, ‘खिडकी उघडी आहे’ ही नेहमीची उत्तरे पुरेशी नाहीत. पंख्याने धूर खोलीत पसरतो, आणि घरातला एसी बहुधा तीच हवा फिरवत राहतो. वास कमी झाला म्हणजे धुरातले घातक घटक गेले असे नव्हे.

कायदा काय सांगतो

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा प्रश्न मुंबईचे नेते मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला. त्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सभागृहे, रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानाला मनाई करण्याचे आदेश दिले. पुढे २००३ साली केंद्राचा तंबाखू नियंत्रण कायदा झाला. त्याचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. आपल्या कामाच्या तरतुदी अशा :

१. जिथे लोकांचा वावर आहे अशा बंदिस्त जागेत धूम्रपान करता येत नाही. खाणावळ, हॉटेल, चित्रपटगृह, कार्यालय, मॉल, मंगल कार्यालय सगळे त्यात आले.

२. उघडी जागा म्हणजे मोकळीक, हा समज चुकीचा आहे. रेल्वे स्थानक, बसथांबा, स्टेडियम आणि खुले नाट्यगृह येथेही मनाई लागू आहे.

३. प्रवेशद्वारापाशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टपाशी मनाईचा फलक हवा. फलक ६० बाय ३० सेंटीमीटरचा असावा. तक्रार कोणाकडे करायची, हेही जागेच्या चालकाने लिहून लावायचे असते.

४. मनाईच्या जागेत राखदाणी, काड्यापेटी, लायटर ठेवायचे नाहीत. तक्रार येऊनही चालकाने काही केले नाही तर त्यालाही दंड होतो.

५. ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले, ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ येथे धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा केंद्राच्या नियमांत आहे.

मूळ कायद्यातील दंड २०० रुपयांपर्यंत आहे. कर्नाटकाने स्वतःची दुरुस्ती करून २०२५ पासून तो १,००० रुपयांपर्यंत नेला आणि तंबाखू विकत घेण्याचे किमान वय १८ वरून २१ केले. गोव्याने तर केंद्राच्याही आधी, १९९७ साली, धूम्रपान आणि थुंकणे यांविरुद्ध कायदा केला होता. बेळगावहून सकाळी निघून दुपारी पणजीला किंवा कोल्हापूरला पोहोचणाऱ्या आपल्या मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे, की दंडाचा आकडा बदलेल, मनाई सगळीकडे आहे.

ई-सिगारेटची विक्री, आयात आणि साठा यांवर २०१९ पासून देशभर बंदी आहे. ‘ही वाफ आहे, धूर नाही’ हा युक्तिवाद सभागृहात ऐकून घेण्याचे कारण नाही.

कायदा संपतो तिथे रीत सुरू होते

बँकेत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना साहेबांच्या टेबलावरची राखदाणी चांगली आठवते. कर्जाचा अर्ज घेऊन आलेला माणूस त्या धुरात मुकाट्याने बसत असे. त्याला चालत होते म्हणून नव्हे, तर बोलायची सोय नव्हती म्हणून. नियमाने ती राखदाणी गेली, पण न बोलता सोसणारी माणसे अजून आहेत : हाताखालचा कारकून, घरातली सून, भाडेकरू, पाहुणा म्हणून आलेला जावई.

म्हणून ‘ओढली तर चालेल ना?’ हा प्रश्न सभ्य वाटला तरी पुरेसा नाही. आपल्याकडे भिडेपोटी नव्वद टक्के वेळा ‘चालेल’ असेच उत्तर येते. धूर हटत नाही आणि आजारी माणसाला किंवा तान्ह्या बाळाला उठून जाता येत नाही. उठून जाऊ शकतो तो ओढणारा. तेव्हा न विचारता त्यानेच बाजूला जावे, हा साधा नियम धरावा.

प्रत्यक्षात तो असा पाळता येईल :

*कार्यक्रमाच्या वेळी.* मध्यंतरात दाराच्या तोंडाशी किंवा जिन्यात घोळका करून ओढू नये. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्या धुरातून जावे लागते आणि तो आतही येतो. फाटकाबाहेर, दारे-खिडक्यांपासून निदान दहा-पंधरा पावले दूर उभे राहावे. ओढून लगेच शेजाऱ्याला खेटून बसू नये, कारण शेवटच्या झुरक्यानंतरही श्वासातून थोडा वेळ धूर येत राहतो. चूळ भरून, हात धुऊन, पाच मिनिटांनी आत यावे. बाळाला उचलून घेण्यापूर्वी तर हे हवेच.

*गणेशोत्सव आणि लग्नकार्यात.* मांडवाचे कापड, कागदी सजावट आणि आचाऱ्याकडचे गॅस सिलिंडर यांच्याजवळ जळती सिगारेट म्हणजे आगीला आमंत्रण. मांडवामागे अंधार असतो म्हणून तिथे जाऊन ओढणे सर्वांत धोक्याचे.

*प्रवासात.* रेल्वेच्या शौचालयात ओढणे हा पळवाटेचा जुना प्रकार आता अंगाशी येतो. वंदे भारतसारख्या गाड्यांत धूर ओळखणारी यंत्रणा असते. ती वाजली की गाडी थांबू शकते आणि एकापायी सगळ्यांचा खोळंबा होतो. स्वतःच्या मोटारीत मुले असतील तर काच खाली करून ओढणेही टाळावे. चोर्ला किंवा आंबोली घाटातून जाताना थोटूक बाहेर फेकू नये. उन्हाळ्याच्या तोंडावर वाळलेल्या गवताला एवढी ठिणगी वणव्यासाठी पुरते.

*घरी आणि अपार्टमेंटमध्ये.* आपली गॅलरी आपली असली तरी धूर वरच्या मजल्यावरच्या खिडकीत शिरतो. शेजाऱ्याने एकदा सांगितले की जागा किंवा वेळ बदलावी. जिना, लिफ्ट आणि पार्किंग सर्वांचे असते.

*थोटूक.* सिगारेटचा फिल्टर कापसाचा दिसतो, पण तो सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकच्या प्रकाराचा असतो आणि लवकर कुजत नाही. झाकणाची छोटी डबी खिशात ठेवावी, थोटूक पूर्ण विझवून त्यात टाकावे आणि घरी गेल्यावर कचऱ्यात. कुंडीत किंवा गटारात नव्हे.

*मुलांना दुकानात पाठवणे.* ‘जा, एक पाकीट घेऊन ये’ असे नातवाला सांगण्याचे दिवस गेले. अल्पवयीनाला विकणे हा दुकानदाराचा गुन्हा आहे, आणि मुलाला जी सवय लागू नये असे वाटते तिच्या दुकानाची वाट आपणच दाखवू नये.

सांगणाऱ्यांसाठी

चारचौघांत मोठ्याने बोलल्यास समोरचा माणूस चूक मान्य करण्याऐवजी हट्टाला पेटतो. जवळ जाऊन हळू सांगावे : ‘काका, आत लहान मुलं आहेत, जरा फाटकाबाहेर जाता का?’ बरोबरीच्याला ‘अहो, चला, मीही बाहेर येतो’ म्हणावे. तरुण मुलांना ‘बाळांनो, इथे नको, तिकडे उभे राहा’ एवढे पुरते. वडीलधाऱ्यांना सांगायला तरुणांना अवघड जाते, तेव्हा ते काम कार्यकारिणीतील ज्येष्ठांनी करावे. ऐकलेच नाही तर फलकावर नाव असलेल्या जबाबदार व्यक्तीकडे जावे. शाळेत मुख्याध्यापक, स्थानकात स्टेशन मास्तर आणि ग्रंथालयात ग्रंथपाल यांना दंड करण्याचा अधिकार नियमाने दिलेला आहे.

आयोजकांनी निमंत्रणपत्रिकेत एक ओळ घालावी, फाटकाबाहेर योग्य जागी वाळूची बादली ठेवावी आणि ती जागा आधीच सांगावी. जागा ठरलेली असली की वाद होत नाहीत आणि ओढणाऱ्यालाही चोरून उभे राहावे लागत नाही.

ज्यांना सवय सोडायची आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे. तो पाकिटावरही छापलेला असतो. सोडणे जमेल तेव्हा जमेल, चार पावले दूर जाणे मात्र आजच जमते. दम्यामुळे कार्यक्रमाला येणे बंद केलेला एखादा सभासद तेवढ्यानेही पुन्हा यायला लागेल.